सात वेळा एफएमजीई नापास. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्या भावाने आता काय करावं?

पूर्णाकाठ :
नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे फक्त वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी वसमत तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. विषय माझ्या धाकट्या भावाचा आहे.

२०१४ला तो बारावी झाला. सीईटीत सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. खासगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून दादा (आमचे वडील) दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग ओळखीतून एक एजंट घरी आला, किर्गिझस्तानचं नाव निघालं, विहिरीजवळची तीन एकर विकली आणि लेकरू बिश्केकला गेलं. २०२०ला पदवी घेऊन परत आलं. आल्या आठवड्यात दादांनी परभणीहून पितळेची पाटी करून आणली, 'डॉ.' आणि पुढे त्याचं नाव. ती पाटी अजून वर्तमानपत्रात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवलेली आहे. आई दिवाळीला फळी पुसते तेव्हा पाटी उचलते आणि न उघडता परत तिथेच ठेवते.

परदेशातून शिकून आलेल्यांना इथे डॉक्टर म्हणून नोंदणी मिळवायला एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. तेव्हापासून सात वेळा दिली. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात. त्याला चौथ्या वेळी १४३ पडले होते, तेवढेच सगळ्यात जास्त. त्यानंतर १३६, १३१, १२६. अभ्यास वाढतोय आणि गुण उतरताहेत. वर्षभरापासून तो माडीवरच्या खोलीत असतो. गल्लीतली म्हातारी माणसं बीपी बघायला यायची, आता त्यांच्यासाठीही खाली येत नाही. लग्नाचं विचारणारे आधी खूप होते, आता कोणी फिरकत नाही.

आठव्यांदा बसावं का? नसेल बसायचं, तर या पदवीवर दुसरं काय करता येतं? आणि जवळच्या तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यातून रात्रपाळीला बोलावणं आलंय, महिना वीस हजार, "नोंदणीचं आम्ही बघून घेऊ" म्हणतात. दादांना वाटतं जावं, हात तरी चालू राहील. मला भीती वाटते. खरं काय ते सांगा.

मन्याड :
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळ नाही. जाऊ देऊ नका.

मी पण परदेशातून आलेला, पाच वेळा नापास. २०१८-१९ला असंच एका दवाखान्यात रात्री बसायचो. गाव आणि नाव सांगत नाही. केस पेपरवर शिक्का मालक डॉक्टरांचा, अक्षर माझं. डॉक्टर वर झोपलेले असत आणि फोन उचलत नसत. पावसाळ्यात एका रात्री अडीचच्या सुमाराला तिशीतला एक शेतकरी आला, पोटात कळ मारते म्हणून. ताप नाही, अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. मी अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. पहाटे चारला त्याची बायको म्हणाली, "ह्यांना डोळे उघडता येईनात." वर जाऊन दार वाजवलं, दार उघडेपर्यंत बराच वेळ गेला. मग १०८ बोलावून नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात पाठवला. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "तू काल इथे नव्हतास." मी दुपारीच बॅग भरली.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा (एनएमसी) कायदा २०१९, कलम ३४ वाचून ठेवा. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आम्ही बघून घेऊ" म्हणणारा त्या दिवशी बघत नाही. आणि कायद्याचं एक बाजूला ठेवलं तरी, समोरच्या माणसाचा जीव आपल्या हातात असतो आणि मागे उभं राहणारं कोणी नसतं.

हुरडा :
एमपीएससी करायला सांगा. बुद्धी आहेच की लेकराला.

बिंदुसरा :
@हुरडा, एक परीक्षा सुटेना म्हणून दुसऱ्या परीक्षेत घालायचं का भाऊ? तिथेही लाखभर पोरं बसलीत. माझ्या पुतण्याची पुण्यात पाच वर्षं गेली. आणि परदेशी वैद्यकीय पदवी तिथे 'पदवी' म्हणून धरतील का, हे आयोगाकडून लेखी घ्या, मगच त्या वाटेला जा. आमच्या ओळखीच्या मुलीने हा घोळच नको म्हणून बारावीवर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करून घेतलं. तीन वर्षं जातात, पण कागद पक्का होतो. खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे, मुलाकडे वेळ आहे.

खामकाठ :
मी डॉक्टर आहे. घाटीतून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस, १९९९ची बॅच. माझं म्हणणं कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो.

ही परीक्षा २००२ पासून आहे, वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, चार पर्याय, चुकलं तर गुण कापत नाहीत. डोळे झाकून खुणा केल्या तरी सरासरी पंच्याहत्तर मिळतात. म्हणजे खऱ्या ज्ञानाचे आणखी पंच्याहत्तर मिळवायचे आहेत. रुग्णाला हात लावू देण्याआधी एवढं मागणं जास्त आहे का? उद्या माझ्या आईला रात्री दोन वाजता ताईंच्या गावाजवळ छातीत दुखलं, तर समोर बसलेल्या माणसाला ईसीजी वाचता यावा एवढीच माझी अपेक्षा आहे. मन्याड यांनी जो प्रसंग लिहिला, तो मोकळेपणाने लिहिला याबद्दल त्यांचा आदर वाटतो. पण तोच प्रसंग ही परीक्षा का हवी ते सांगतो.

तेरणा :
@खामकाठ सर, परीक्षा नको असं कोणीच म्हणत नाहीये. पण पोरं का नापास होतात तेही बघा की. मी रशियातून आले, २०२१ची पासआऊट, दोनदा नापास, तिसरीची तयारी चालू आहे. आमचे वर्ग इंग्रजीत होते. वॉर्डातला पेशंट रशियन बोलणार, नर्स रशियन बोलणार, केस पेपर रशियन. आम्हाला जेवण मागण्यापुरती भाषा येत होती. प्रोफेसर पुढे, आम्ही वीस जण मागे, आणि कुणाच्या तरी खांद्यावरून पेशंटचे पाय दिसायचे. सहा वर्षांत बाळंतपण एकदा पाहिलं, तेही काचेतून. घाटीत तुम्हाला पहिल्या महिन्यात जितके पेशंट दिसले असतील, तितके मला सहा वर्षांत दिसले नाहीत. हा दोष अठरा वर्षांच्या पोरीचा होता का?

आणि तीच परीक्षा इथल्यांनाही लावा ना. २०१९च्या कायद्यात नेक्स्ट नावाची परीक्षा लिहून ठेवली आहे, सगळ्यांना एकच. ती मात्र पुढे ढकलत नेतात.

खामकाठ :
@तेरणा, नेक्स्टबद्दल पूर्ण सहमत. इथल्या काही खासगी कॉलेजांत वॉर्ड रिकामे असतात हे मलाही माहीत आहे. आणि तुमचा दोष नव्हता. माझं वाक्य कडक झालं असेल तर माफ करा. पेशंट बघायला मिळाले नाहीत ही उणीव आताही भरून काढता येते. सरकारी रुग्णालयात परवानगी काढून निरीक्षक म्हणून वॉर्डात उभं राहा, राउंड ऐका. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. महिनाभरात पुस्तकातला मजकूर डोळ्यांपुढे दिसायला लागतो.

उदगीरचा_किल्ला :
मी सहाव्या प्रयत्नात पास झालो, म्हणून आठव्या प्रयत्नाबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

पहिले चार प्रयत्न दिल्लीला गौतमनगरात राहून दिले. खोलीत तिघं, भिंतींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, एकोणीस विषयांच्या नोट्सचा ढीग. प्रत्येक वेळी अ‍ॅनाटॉमीपासून सुरुवात करायचो आणि शेवटचे विषय राहून जायचे. चौथ्या वेळी नापास झाल्यावर घरी आलो आणि पहिल्यांदा शांत बसून विषयवार गुण कागदावर मांडले. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, पीएसएम (सामाजिक आरोग्य) ३०. हे चारच विषय १२५ होतात. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री मिळून ५१, आणि माझा निम्मा वेळ त्या एक्कावन्नात जात होता.

पीएसएम तर आपल्या पोरांना तिकडे कोणी शिकवतच नाही. राष्ट्रीय कार्यक्रम, लसीकरणाचं वेळापत्रक, आशा-अंगणवाडीची रचना, हे सगळं इथलं आहे. फॉरेन्सिकचे १० गुणही इथल्या कायद्यावर. मी आमच्या गावच्या आशाताईंच्या रजिस्टरवरून लसीकरण पाठ केलं. त्यांना मजा वाटायची, रोज विचारायच्या, "नऊ महिन्याला काय रे?" पाचव्यांदा १४८ आले. सहाव्यांदा १६१.

ताई, भावाचे गुण उतरताहेत याचा अर्थ तो तेच पुस्तक त्याच पद्धतीने पुन्हा वाचतोय आणि थकलाय. काहीच न बदलता आठव्यांदा बसू नये. बसायचं तर दिवसभर अभ्यासाची खोली बंद करा. दुसरं काहीतरी काम धरू द्या आणि रोज तीन तास, पन्नास प्रश्न, चुकलेल्याची वही. मी पास झालो तेव्हा पतसंस्थेत कारकुनी करत होतो.

२०१४ची बॅच म्हणजे त्याला जुने नियम लागतील. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर गेलेल्यांचं वेगळं आहे, त्यांना ५४ महिने शिक्षण, तिकडे १२ महिने इंटर्नशिप, इथे १२ महिने, आणि हे सगळं प्रवेशापासून दहा वर्षांत. ज्यांची पोरं आत्ता तिकडे आहेत त्यांनी ही दहा वर्षं बोटावर मोजून ठेवा.

बिंदुसरा :
@उदगीरचा_किल्ला, आशाताईंना पेढे दिले का नाही?

उदगीरचा_किल्ला :
दिले. शिवाय माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला त्याच बसल्या होत्या.

जालना_स्टील :
मी परदेशात शिकलेले नाही, बीएचएमएस आहे, पण पुण्यात ज्या कंपनीत काम करते तिथे माझ्या टीममध्ये परदेशातून आलेले तिघे आहेत. कामाचं नाव फार्माकोव्हिजिलन्स. लोकांना हे माहीत नसतं म्हणून नीट सांगते.

औषध बाजारात गेल्यावर जगभरातून तक्रारी येतात. अमुक गोळी घेतली, अंगावर पुरळ आलं. तमुक इंजेक्शननंतर चक्कर आली. प्रत्येक तक्रार एक केस. ती वाचायची, रुग्णाचं वय, आजार, सोबतची औषधं वेगळी काढायची, लक्षणाला ठरलेल्या शब्दकोशातला नेमका शब्द द्यायचा आणि सगळी हकिगत थोडक्यात इंग्रजीत लिहायची. मृत्यू किंवा जिवाला धोका असेल तर मुदत फार कमी असते. परवा एका केसमध्ये आजीबाईंना पाच औषधं चालू होती आणि तक्रार सहाव्याची होती. माझ्या शेजारच्या मुलाने (जॉर्जियातून आलेला) पाहिलं की दोष तिसऱ्या आणि पाचव्या औषधाच्या एकत्र येण्याचा असू शकतो. तसं त्याने लिहून वर पाठवलं. त्याला वैद्यक येतं म्हणून ते दिसलं. तो चार वेळा नापास झालेला आहे.

सुरुवातीचा पगार मोठा नसतो, मला पंचवीस हजारांच्या आत होता. दोन वर्षांत फरक पडतो. वरच्या 'मेडिकल रिव्ह्यूअर'च्या जागांना बहुतेक ठिकाणी नोंदणी मागतात, पण केस प्रोसेसिंगला आमच्याकडे मागत नाहीत. एक सावधगिरी: लाख-दीड लाख घेऊन 'नोकरीची हमी' देणारे कोर्स निघालेत. आधी मुलाखती द्या, पैसे भरायची घाई करू नका. आणि अर्जात सहा वर्षांचा अभ्यास आणि पदवी आहे तशी लिहा, 'परीक्षेची तयारी' म्हणून गेलेली वर्षंही लपवू नका. मुलाखतीत विचारतातच.

गोदाकाठ :
मेडिकल कोडिंग राहिलं. हैदराबादला भरपूर काम आहे आणि नांदेडहून हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा जवळ. अमेरिकेतल्या दवाखान्याचे पेपर वाचून आजाराला आणि उपचाराला कोड द्यायचे. सीपीसी नावाची परीक्षा आहे, पुस्तक उघडून द्यायची असते. दिवसाला ठरलेले चार्ट संपवावे लागतात, बसून बसून पाठ धरते. मी चार वर्षं केलं. घर चाललं, बहिणीचं लग्न झालं. विमा कंपन्यांचे क्लेम हाताळणाऱ्या टीपीए कंपन्यांत ते तपासायचं कामही असतं, तिथे बीएएमएस, बीएचएमएसवाले बरेच, काही ठिकाणी नोंदणी क्रमांक मागतात.

डोंगरकपारी :
लातूरला यायला सांगा. हे मी मनापासून सांगतोय, कारण माझं पोट त्यावर चाललंय.

मी फिलिपिन्सहून आलो, एफएमजीई तीनदा. आता लातूरला एका क्लासमध्ये नीटच्या मुलांना बायोलॉजी शिकवतो. सातवं वर्ष चालू आहे. इथे मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून पोरं येतात, मेसच्या डब्यावर दोन वर्षं काढतात. शिकवायला वैद्यकीय नोंदणी लागत नाही. एनसीईआरटी ओळ न ओळ यावी लागते आणि फळ्यावर हात चालावा लागतो.

पहिला डेमो अजून आठवतो. विषय उत्सर्जन, नेफ्रॉन काढायचा होता. संचालक मागच्या बाकावर. मी पिवळ्या खडूने बोमनची कॅप्सूल काढली, आत लाल खडूने केशवाहिन्यांचा गुच्छ, मग निळ्याने हेन्लेचा वळसा खाली नेला आणि वर आणला. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, हा वळसा एवढा खाली कशाला जातो? सरळ गेला असता तर?" पुस्तकात उत्तर एका ओळीचं आहे. मी त्याला म्हटलं, उन्हाळ्यात तुमच्या गावात टँकर येतो तेव्हा आई भांडी घासलेलं पाणी कुठे टाकते? म्हणाला, झाडाला. म्हटलं, शरीरही तसंच करतं, पाणी वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून हा वळसा. खाली जाताना पाणी परत घेतं, वर येताना मीठ. वर्गाला समजलं. मला त्या दिवशी कळलं की सहा वर्षं शिकलेलं माझ्याकडे शाबूत आहे.

पगार क्लासवर आणि मुलांवर अवलंबून. पहिल्या वर्षी कमी, टिकलात तर चांगला. सुट्टी नसते. मे महिन्यात घसा बसतो.

तेरणा :
@डोंगरकपारी सर, टँकरचं उदाहरण मी पण वापरणार. फिजिओलॉजीला.

सीना_नदी :
जर्मनीतून लिहितोय, मूळ परंड्याचा. एफएमजीई पास नसताना इकडे येता येतं, पण 'सोपी वाट' म्हणून येऊ नका. आधी बी-२ पातळीपर्यंत जर्मन भाषा, मग डॉक्टरांसाठीची वेगळी भाषेची परीक्षा, जिच्यात पेशंटशी बोलून त्याचा अहवाल जर्मनमध्ये लिहायचा असतो. मग ज्ञानाची परीक्षा, केन्टनिसप्र्यूफुंग, तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णासमोर. मला भाषेलाच दोन वर्षं गेली. शिवाय कागदपत्रं बघताना, जिथून पदवी घेतली त्या देशात तुम्हाला डॉक्टर म्हणून काम करायची पूर्ण परवानगी आहे का, ते विचारतात. त्यावर बऱ्याच जणांचं अडतं.

अमेरिकेच्या यूएसएमएलई किंवा इंग्लंडच्या प्लॅब या डॉक्टरांच्या परीक्षांना एफएमजीईची अट नाही. पण यूएसएमएलईच्या प्रत्येक स्टेपला चारच प्रयत्न आणि खर्च लाखांत. प्लॅब पास होऊन नोकरीची वाट बघत बसलेले माझे दोन मित्र आहेत. दीडशे पडत नसताना तिकडे धावण्यात अर्थ नाही असं मला वाटतं. ताई, आणखी शेत विकू नका.

लोहारवाडी :
म्या बाप हाय. पोरगं चीनला गेल्तं. कोरोनात घरी आलं, मोबाईलवर शिकलं, मंग तेच्यावरून लई घोळ झाला. चार डाव बसलं. मंग एक दिवस म्हणलं, बापू, माझ्यानं व्हईना. म्या त्या दिवशी काई बोललो न्हाई. रानात गेलो, बैलाला पाणी दावलं, लई येळ बसलो. रातच्याला म्हणलं, लेकरा, तुला काय करायचंय ते कर, पण दार लावून बसू नको.

त्यानं डी.फार्म केलं, दोन वर्षं. आता फाट्यावर मेडिकल हाय त्याचं. चिठ्ठी वाचून डॉक्टरला उलटा फोन करतंय, ह्या दोन गोळ्या संगट चालत न्हाईत म्हणून. डॉक्टर लोक बी मानत्यात. गावात अजून डॉक्टरच म्हणत्यात त्याला, त्यो म्हणतो मला नावानं हाक मारा.

पूर्णाताई, तुमच्या दादास्नी सांगा, पाटीचं काई न्हाई. लेकरू खाली आलं पायजे.

बिंदुसरा :
बापू, तुमची पोस्ट आमच्या घरी मोठ्याने वाचली.

एजंटांचं मात्र कोणीतरी लिहायला हवं. दरवर्षी निकालाच्या आठवड्यात हॉटेलात सेमिनार लागतात. भारतीय मेस, वसतिगृहाचे फोटो, गणपती बसवलेला व्हिडिओ, सगळं दाखवतात. किती पोरं परत येऊन पास झाली हे कोणी विचारलं की चहा येतो. या परीक्षेत पाचातली तीन-चार पोरं नापास होतात, वर्षानुवर्षं. सरकारच निकाल जाहीर करतं. तो आकडा त्या सेमिनारच्या फलकावर असायला हवा.

हुरडा :
आणि बोगस सर्टिफिकेटवाल्यांपासूनही लांब राहा म्हणावं. डिसेंबर २०२२ला सीबीआयने ७३ परदेशी पदवीधरांवर गुन्हा नोंदवला, परीक्षा पास नसताना नोंदणी मिळवली म्हणून. १४ राज्यांच्या वैद्यकीय परिषदांची नावंही त्यात होती. नापास पोरांना असे फोन येतात, "पाच लाखांत काम होईल". माझ्या मेव्हण्याला आला होता.

आधीची एमपीएससीची ओळ मी घाईत लिहिली ताई, राग मानू नका.

मांजराकाठ :
सार्वजनिक आरोग्यही सुचवते. एमपीएच, दोन वर्षं. मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र ही चांगली ठिकाणं. पण नोंदणी नसलेली परदेशी पदवी प्रवेशाला चालेल का, हे प्रत्येक ठिकाणी ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. हॉस्पिटल मॅनेजमेंटलाही तेच. मी कुपोषणावर काम करते, आमच्यात एक परदेशातून आलेली मुलगी आहे. गावात बाळाचा दंड मोजताना आईशी ती जे बोलते, ते आम्हाला जमत नाही.

पूर्णाकाठ :
सगळ्यांना मनापासून नमस्कार. तीन दिवस लिहिता आलं नाही.

परवा रात्री हा सगळा धागा मी जिन्यात बसून मोठ्याने वाचला. त्याचं दार लावलेलं होतं. आई खालच्या पायरीवर, दादा अंगणात बाजेवर. लोहारवाडीच्या बापूंचं वाचलं तेव्हा दादा उठून गोठ्याकडे गेले. दार काही उघडलं नाही.

काल सकाळी तो चहाला खाली आला. कप हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "त्या मन्याडला विचार, तो पेशंट जमिनीवर झोपला होता का?"

मला कळलं नाही. तसंच्या तसं विचारते आहे.

मन्याड :
ताई, हे वाचून हात थरथरला.

हो. शेतातल्या आखाड्यावर, जमिनीवर पोतं टाकून झोपला होता. मला ते विष्णुपुरीच्या निवासी डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. मण्यार चावली होती. मण्यारीच्या चाव्याला सूज येत नाही, खूण दिसत नाही, झोपेतच चावते, पोट दुखतं आणि मग पापण्या पडतात. चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. आता त्याला दोन मुलं आहेत, पोळ्याला मला फोन करतो.

तुमच्या भावाने जो प्रश्न विचारला, तो मला त्या रात्री सुचला नाही.

खामकाठ :
ताई, मी इथे इतका वेळ परीक्षेच्या बाजूने बोललो. हा प्रश्न ज्याला सुचतो त्याने आठव्यांदा जरूर बसावं. उदगीरकरांनी सांगितलं तसं, पद्धत बदलून, आणि सोबत काम धरून. तुमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयात निरीक्षक म्हणून उभं राहायची परवानगी मागायची असेल तर अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो. व्यक्तिगत निरोप पाठवा. मेडिसिनच्या ३३ गुणांपुरता रविवारी सकाळी एक तास मी फोनवर बसेन. @तेरणा, तुम्हीही या.

तेरणा :
येते सर.

उदगीरचा_किल्ला :
चुकलेल्याची वही माझ्याकडे पाच आहेत. कुरियर करतो.

पूर्णाकाठ :
त्याला सगळं दाखवलं. डिसेंबरचा फॉर्म भरायचं म्हणतोय, पण ती शेवटची वेळ, असं त्याने स्वतः दादांसमोर सांगितलं. दादा "बरं" म्हणाले. रात्रपाळीवाल्यांना दादांनीच फोन करून नाही कळवलं.

डोंगरकपारी सर, तुमच्याकडे डेमोला यायचं तर विषय कोणता घ्यायचा, आणि तो मराठीत शिकवायचा का इंग्रजीत? सेमी-इंग्रजीची मुलं जास्त असतात का?

डोंगरकपारी :
शब्द इंग्रजीत, समजावणं मराठीत. निम्म्याहून जास्त मुलं सेमीचीच असतात. विषय त्याचा त्याने निवडावा, चाळीस मिनिटं. चेतासंस्था घेतली तर चांगलं, ते मण्यारीचं तिथे सांगता येईल. शनिवारी सकाळी साडेआठला या. वसमतहून पहाटेच्या गाडीने परभणी आणि तिथून लातूर. आदल्या रात्री आलात तर माझ्याकडे झोपायची सोय आहे.

पूर्णाकाठ :
आदल्या रात्रीच येतो. दादा पण येतील म्हणतात.